उभे राहणे हेच ज्यांचे श्रम

उभे राहणे हे आपल्याकडे श्रमांत मोजले जात नाही. ओझे उचलणे, जिने चढणे, दळणे, कांडणे ही सारी कामे झाली. नुसते उभे राहणे हा जणू विसावाच. ‘नुसते उभे तर राहायचे आहे’ असे आपण रेशन दुकानापुढच्या रांगेत, तिकीटखिडकीशी, बसथांब्यावर सहज बोलून जातो. वर्गात गुरुजी आले की मुलांनी उभे राहावे, घरात वडीलधारी माणसे आली की धाकट्यांनी उठावे, राष्ट्रगीताला सर्वांनीच उभे राहावे, ही आपली रीत. पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन् तास तिष्ठणाऱ्या वारकऱ्याला पाहून हात जोडले जातात. आणि गृहपाठ न करणाऱ्या मुलाला शिक्षा द्यायची तर तीही, एके काळी घरोघरी ठाऊक असलेली, बाकावर उभे राहण्याची. सन्मान आणि शासन या दोन्हींसाठी एकच क्रिया वापरणाऱ्या समाजाला, काही माणसांच्या बाबतीत उभे राहणे हेच आजाराचे निमित्त असते, ही गोष्ट पटायला जड जावी यात नवल नाही.

या विकाराचे नाव ‘पोस्चरल टॅकिकार्डिया सिंड्रोम’. नाव लांबलचक असल्यामुळे वैद्यकमंडळी इंग्रजी आद्याक्षरे जुळवून त्याला ‘पॉट्स’ म्हणतात. येथेही तेच वापरणे सोयीचे होईल. टॅकिकार्डिया म्हणजे हृदयाचे ठोके वाजवीपेक्षा जलद पडणे आणि पोस्चरल म्हणजे देहाच्या स्थितीमुळे उद्भवणारे. व्याख्या मोठी हिशेबी आहे. आडव्या स्थितीतून उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढली आणि वाढलेलीच राहिली, १२ ते १९ वर्षांच्या मुलामुलींत ही वाढ निदान ४० ठोक्यांची असली, त्या वेळी रक्तदाब मात्र विशेष उतरला नाही, आणि या साऱ्याबरोबर घेरी, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना कापरे, विचारांवर धुके अशी लक्षणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकून राहिली, तर, दुसरे कोणतेही कारण सापडत नसल्यास, त्याला पॉट्स म्हणावे. ‘सिंड्रोम’ या शब्दाचे भान येथे ठेवले पाहिजे. हा एक रोग नव्हे. निरनिराळ्या कारणांनी उद्भवणाऱ्या, पण एकाच रूपाने प्रकट होणाऱ्या लक्षणांचा तो समुच्चय आहे. ताप म्हटला की जसे एकच कारण सांगता येत नाही, तसेच येथेही.

हे का घडते ते समजण्यासाठी निरोगी माणूस उभा राहतो तेव्हा काय होते, हे आधी पाहावे लागेल. आपण अंथरुणातून उठून उभे राहतो त्या क्षणी छातीच्या भागातील अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणामुळे पोटाकडे आणि पायांकडे उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त घटले की हृदयातून बाहेर पडणारेही घटणार, आणि मेंदू तर हृदयाहून उंचावर. ही तूट काही सेकंदांत भरून निघाली नाही, तर प्रत्येक माणूस रोज सकाळी भोवळ येऊन पडेल. ती भरून काढण्याचे काम आपल्या इच्छेवाचून चालणारी स्वायत्त मज्जासंस्था करते. मानेतील मोठ्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत रक्तदाब जोखणारे संवेदक आहेत. दाब किंचित ढळला की ते मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांना वर्दी देतात. तेथून सुटलेल्या आज्ञेने पायांतील व पोटातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढते, आणि पोटऱ्यांचे स्नायू शिरांतील रक्त वर रेटू लागतात. हा सारा व्यवहार इतका बिनबोभाट चालतो की जन्मभर उभे राहूनही आपल्याला त्याची गंधवार्ता नसते.

पॉट्समध्ये हा व्यवहार कोठे तरी अडतो. मात्र सर्वांच्या बाबतीत एकाच ठिकाणी अडत नाही. कोणाच्या पायांतील सूक्ष्म मज्जातंतू दुबळे झालेले असतात, त्यामुळे तेथील रक्तवाहिन्या पुरेशा आवळल्या जात नाहीत आणि रक्त खालीच साचते; अशा माणसाचे पाय उभे राहिल्यावर तांबूस-जांभळे झालेले दिसतात. कोणाच्या शरीरात एकूण रक्तद्रवच कमी असतो. वास्तविक रक्तद्रव कमी झाला की मूत्रपिंडांनी मीठ आणि पाणी धरून ठेवावे, हा निसर्गाचा नियम. पण या रुग्णांपैकी अनेकांत ती यंत्रणा जणू तूट झालीच नाही अशा थाटात स्वस्थ बसते. आणखी काहींत नॉरएपिनेफ्रिन हे उत्तेजक द्रव्य उभे राहताच भरमसाट वाढते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांना एका रुग्ण स्त्रीमध्ये आणि तिच्या जुळ्या बहिणीमध्ये हे द्रव्य मज्जातंतूंत परत शोषून घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातच दोष आढळला, आणि २००० साली तो प्रसिद्ध झाला. असा जनुकीय दोष फार विरळा. पण ज्याला ‘मनाचा खेळ’ म्हणतात त्याच्या मुळाशी शरीरातील एखादे प्रथिन असू शकते, हे त्यामुळे ढळढळीतपणे सिद्ध झाले. कारण कोणतेही असो, मेंदूला रक्त कमी पडू नये म्हणून हृदय बिचारे आपल्या परीने धाव घेते. जलद नाडी हा या आजारातला गुन्हेगार नव्हे. बहुतेक वेळा ती दुसऱ्याच्या चुकीची भरपाई असते. उपचारांचा विचार करताना या भेदाचे महत्त्व ध्यानी येईल.

‘मनावर घेऊ नकोस’

बारावीतली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. मध्यंतरी तिला ताप येऊन गेला, आणि तेव्हापासून सकाळी ऊन पाण्याने अंघोळ करताना तिला गरगरते. बसमध्ये जागा मिळाली तर ठीक. उभ्याने प्रवास घडला तर महाविद्यालयात पोहोचेपर्यंत छाती धडधडून तोंडाला कोरड पडते. प्रयोगशाळेत तासभर टेबलाशी उभे राहिल्यावर समोरचे आकडे दिसतात, पण कळत नाहीत. दुपारी जेवण झाल्यावर तर डोळेच उघडवत नाहीत. घरी येऊन ती आडवी होते, आणि तासाभरात पुष्कळशी सावरते. हसते, बोलते, गाणी ऐकते. नेमके येथेच सारे बिघडते. उभे राहिल्यावर येणारा आणि आडवे झाल्यावर ओसरणारा आजार पाहणाऱ्याच्या नजरेला आळसाहून वेगळा दिसत नाही. ‘कामाच्या वेळी हिला चक्कर येते, टीव्हीपुढे येत नाही,’ असे आजी म्हणते, आणि निरीक्षण म्हणून ते खोटेही नसते.

पुढे डॉक्टरांकडे जाणे होते. तेथे ती खुर्चीवर बसते, म्हणून नाडी आणि रक्तदाब बसलेल्या स्थितीतच मोजले जातात. ईसीजी काढायचा तर तो निजवून काढतात. दोन्ही निर्दोष. हृदयाची सोनोग्राफी होते, तीही निजलेल्या अवस्थेत, तीही निर्दोष. ज्या एका स्थितीत आजार प्रकट होतो तेवढी एक स्थिती सोडून इतर सर्व स्थितींत तिची तपासणी होते, आणि मग ‘काही नाही, मनावर घेऊ नकोस’ हा निकाल लागतो. वर एखादी टॉनिकची बाटली आणि लग्नाचे बघा असा अनाहूत सल्ला.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा आहे असे समजण्याचे कारण नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ४,८०० हून अधिक पॉट्सग्रस्तांनी आपली हकीकत नोंदवली. त्यांतील दहांपैकी नऊहून अधिक स्त्रिया होत्या. निदान होईपर्यंत लोटलेल्या काळाचा मध्यांक होता दोन वर्षे, आणि सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना निदानापूर्वी कोणत्या ना कोणत्या डॉक्टरांनी हा मानसिक विकार असल्याचे सुचवले होते. या गैरसमजाला एक कारण आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. उभे राहताच उत्तेजक द्रव्ये रक्तात उसळल्यामुळे होणारी धडधड, घाम, कापरे ही नेमकी भीतीचीच शारीरिक चिन्हे आहेत. चिंता मोजण्याच्या प्रश्नावलीत ‘तुमचे हृदय धडधडते का’ असा प्रश्न असतो. त्याला या रुग्णाने होय म्हणावे, म्हणजे चिंतारोगाच्या खाती एक गुण जमा. देहाच्या लक्षणांना वजा करून पाहणाऱ्या अभ्यासांत मात्र या रुग्णांमध्ये चिंताविकार इतरांहून फारसा अधिक आढळलेला नाही. दोन-दोन वर्षे कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून एखादी मुलगी खचते, हे खरे. पण तो आजाराचा परिणाम झाला, कारण नव्हे.

स्त्रियांच्या तक्रारींवर अशी मखलाशी होते हे आपण मान्य करतो. परंतु या विकाराचा वैद्यकातला पूर्वेतिहास पुरुषांचा, तोही सैनिकांचा आहे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात डॉ. जेकब मेंडिस डा कोस्टा यांच्याकडे असे शेकडो जवान आले, की ज्यांना ताप किंवा जुलाबाचा आजार होऊन गेल्यावर थोड्याही श्रमाने धडधड सुरू होई, छातीत दुखे, घेरी येई. आडवे असताना नाडी बरी आणि उभे राहताच चढलेली, हेही डा कोस्टांनी टिपले. १८७१ साली त्यांनी यावर निबंध लिहिला आणि विकाराला ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचे नाव दिले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये असेच जवान हजारोंनी परत आले. सर थॉमस लुईस यांनी त्यांचा अभ्यास करून ‘एफर्ट सिंड्रोम’ हे नाव योजले. पुढे कोणी ‘सैनिकाचे हृदय’ म्हटले, कोणी मज्जादौर्बल्य म्हटले. त्या साऱ्यांना आज पॉट्स म्हणता येईल असे नाही. त्यांत नाना प्रकारचे रुग्ण मिसळले होते. पण त्यांतील काहींची लक्षणे या विकाराशी तंतोतंत जुळतात. भित्रेपणाचा आरोप त्या जवानांवरही झाला होता. १९८२ साली रोझेन आणि क्रायर या अमेरिकी डॉक्टरांनी अशा एका रुग्णाला मीठ वाढवून दिल्यावर आलेला गुण नोंदवला, आणि १९९३ साली मेयो क्लिनिकमधील शॉन्डॉर्फ व लो यांनी या विकाराची आजची मांडणी केली. म्हणजे निबंधापासून निश्चित व्याख्येपर्यंत १२२ वर्षे गेली!

करोनाच्या साथीने या विषयाला पुन्हा उजाळा दिला. २०२० नंतर जगभर असे असंख्य लोक पुढे आले, की ज्यांचा ताप गेला, तपासण्या स्वच्छ झाल्या, पण उभे राहणे जमेना. त्यांतील काहींना पॉट्स असल्याचे आढळले. डा कोस्टांच्या जवानांतही अनेकांचा आजार तापानंतरच सुरू झाला होता, हे येथे आठवावे. विषाणुसंसर्गानंतर, क्वचित मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा डोक्याला लागलेला मार यानंतर हा विकार सुरू होतो. ज्यांचे सांधे जन्मतःच अतिलवचीक असतात अशांतही तो अधिक दिसतो. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच चुकून आपल्या मज्जातंतूंवर उलटत असावी, हा तर्क बळावत चालला आहे. तथापि तो अद्याप सिद्धान्त झालेला नाही.

दहा मिनिटांची परीक्षा

आपल्याकडे एका गोष्टीची फोड आधी केली पाहिजे. चक्कर येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला पॉट्स आहे असे मुळीच नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. आणि रक्तक्षयातही धडधड, दम, घेरी असतेच. थायरॉइडचा अतिरेक, अपुरे पाणी, दीर्घकाळचे अंथरूण, काही औषधे यांनीही नाडी चढते. म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी पहिली. रक्तक्षय असेल तर त्याचा इलाज व्हायलाच हवा. पण लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन सुधारूनही उभे राहणे सुधारत नसेल, तर तेथे थांबून चालणार नाही. आणखी एक लोकप्रिय निदान म्हणजे ‘बीपी लो’. उभे राहिल्यावर रक्तदाब खरोखर उतरण्याचा विकार वेगळा आहे: त्यात वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी घसरतो. पॉट्समध्ये तो जवळपास जागेवर असतो आणि नाडी धावते. दोन्हींत चक्कर एकच, पण मार्ग निराळे.

निदानाची परीक्षा इतकी साधी आहे की ती सर्रास होत नाही याचेच आश्चर्य वाटते. रुग्णाला पाच-दहा मिनिटे शांत निजवावे, नाडी व रक्तदाब मोजावा. मग उभे करून दहा मिनिटेपर्यंत दर एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजावा. रुग्णाने या वेळात बोलू नये, चुळबुळ करू नये, कारण पायांची हालचाल झाली की पोटऱ्या रक्त वर ढकलतात आणि परीक्षा फसते. भोवळ येऊन पडण्याचा संभव असल्याने शेजारी जाणते माणूस हवे. घरच्या घरी, एकटीने करून पाहण्याचा हा खेळ नव्हे. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत यासाठी कलणारे टेबल असते, त्यावर बांधून रुग्णाला यंत्राने उभे करतात. पण टेबल नाही म्हणून निदान अडत नाही. लागतो तो रक्तदाबमापक, घड्याळ आणि दहा-पंधरा मिनिटांचा वेळ. ओपीडीत एका सकाळी शेकडो रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांजवळ नेमका तोच नसतो, हे कबूल. परंतु नाडी-दाब मोजण्याचे हे काम परिचारिकेला सोपवता येते, आणि त्यातून पुढच्या अनावश्यक सोनोग्राफ्या व स्कॅन वाचतात.

मीठ आणि पाणी

निदान झाल्यावर पहिला उपचार कोणता, तर पाणी आणि मीठ! हे ऐकून पुष्कळांचा विरस होतो. दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी आणि सुमारे दहा ग्रॅमपर्यंत मीठ, असा सल्ला या रुग्णांना सामान्यतः दिला जातो. मीठ पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवते आणि रक्तद्रव वाढवते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अधिक सोडियमच्या आहाराने या रुग्णांचा रक्तद्रव वाढला, उभे असतानाचे नॉरएपिनेफ्रिन घटले आणि नाडीही उतरली, असे दिसून आले. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी दोन मोठे पेले पाणी पिऊन घेतल्यानेही पुष्कळांना फरक पडतो.

येथे एक सामाजिक पेच उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते, आणि लोणचे-पापडावर वाढलेल्या, वाढत्या रक्तदाबाच्या आपल्या समाजाला तो सल्ला योग्यच आहे. त्यामुळे ज्या घरात वडिलांच्या पानातून मीठ काढून टाकले आहे, त्याच घरात मुलीच्या ताकात ते वाढवायचे, हे आईला कसे पटावे? आणि सासरी कोणाला पटावे? सार्वजनिक आरोग्याचा नियम बहुसंख्यांसाठी असतो. अपवादाला तो लावला तर अपाय होतो. अर्थात उलटही तितकेच खरे: ज्याचा रक्तदाब मुळातच चढा आहे, ज्याचे मूत्रपिंड किंवा हृदय दुबळे आहे, त्याने हा लेख वाचून मिठाच्या बरणीकडे हात नेऊ नये. निदान नसताना हा उपचार नाही.

मीठ-पाणी पोटात घेण्याची उत्तम रीत आपल्याच भूमीत सिद्ध झालेली आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीचा कहर झाला असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथे शिरेतून द्यायचे सलाइन संपल्यावर मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांतून पाजून हजारोंचे प्राण वाचवले. आज औषधांच्या दुकानात ओआरएसची जी पुडी मिळते तिच्या मागे तो इतिहास आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आणि त्यामागून पाणी शोषले जाते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पॉट्सग्रस्त मुलांना हे पाणी शिरेतून दिलेल्या सलाइनच्या तोडीचे, किंबहुना सरस ठरले. तेव्हा ‘अशक्तपणा आहे, एक बाटली चढवा’ हा गावोगाव चालणारा प्रकार या रुग्णांना तात्पुरती हुशारी देत असला, तरी त्याला पैसे मोजण्याची गरज बहुधा नाही. खेळाडूंच्या नावाने विकली जाणारी गोड रंगीत पेये म्हणजे ओआरएस नव्हेत, एवढे मात्र पाहावे.

बाकीचे पथ्य तर्काने समजण्यासारखे आहे. जे जे रक्त खाली किंवा कातडीकडे ओढते ते टाळावे: कढत पाण्याची अंघोळ, भर दुपारचे ऊन, एका बैठकीला पोट तुडुंब भरणे, मद्य. दिवसभराचा निर्जळी उपवास या मुलींना सोसत नाही. घरात व्रतवैकल्ये असली तर मोठ्या माणसांनीच त्यांना त्यातून मोकळे करावे. पोट आणि मांड्या आवळून धरणारे घट्ट पायमोजे उपयोगी पडतात. नुसते पोटरीपर्यंतचे फारसे उपयोगी नाहीत. शिवाय आपल्या उन्हाळ्यात ते घालणे म्हणजे शिक्षाच, तेव्हा निदान पोटपट्टा तरी. रांगेत उभे राहणे अटळ झाले तर पायाची आढी घालून मांड्या आवळाव्यात, मुठी वळाव्यात. आणि खाली बसण्याची लाज वाटू देऊ नये. आपल्या आज्या-पणज्यांची चूल, विळी आणि जाते जमिनीवर होते; स्वयंपाक बसून होत असे. ओटा आला, गॅस आला, सोय झाली, पण घरातील बाई चार-चार तास उभी राहिली. ओट्यापुढे एक उंच स्टूल ठेवण्याची कल्पना अजून आपल्या घरांत रुजलेली नाही.

व्यायाम हा उपचाराचा सर्वांत कठीण भाग. उभे राहवत नाही म्हणून माणूस निजून राहतो. निजून राहिल्याने रक्तद्रव आणि हृदयाचा आकार दोन्ही घटतात, आणि उभे राहणे आणखीच दुरापास्त होते. अंतराळातून परतलेल्या वीरांचीही हीच गत होते. २०१० साली अमेरिकेतील डलास येथील संशोधकांनी या रुग्णांचे हृदय आकाराने लहान असल्याचे दाखवले, आणि तीन महिन्यांच्या शिस्तशीर व्यायामाने पुष्कळांना गुण आल्याचे नोंदवले. व्यायाम प्रथम आडव्या किंवा बसत्या स्थितीतला हवा: मागे रेलून चालवायची सायकल, पोहणे, निजून पायांचे व्यायाम. पहाटे उठून ग्राउंडला दहा फेऱ्या मारायला लावणारे काका येथे कामाचे नाहीत. करोनानंतरच्या ज्या रुग्णांना थोड्या श्रमानेही दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते, त्यांच्यावर तर व्यायामाची सक्ती अपायकारक ठरते.

औषधे आहेत; पण खास या विकारासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेले एकही नाही. प्रोप्रॅनोलॉल थोड्या मात्रेत दिले तर नाडी उतरते आणि बरे वाटते. मात्रा वाढवली तर नाडी आणखी उतरते, पण रुग्णाला बरे वाटत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. जलद नाडी ही भरपाई आहे असे वर म्हटले, त्याचा प्रत्यय तो हाच. आयव्हाब्रॅडिन, मिडोड्रिन, फ्लुड्रोकॉर्टिसोन, पायरिडोस्टिग्मिन ही औषधेही रुग्णाचा प्रकार पाहून वापरतात. हा सारा तज्ज्ञाचा प्रांत आहे.

खुर्चीचा प्रश्न

हा विकार प्राणघातक समजला जात नाही. यामुळेही त्याची उपेक्षा होते. परंतु रुग्णांच्या दैनंदिन जीवनावरील आघात हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या जुनाट आजारांइतका असतो, असे २००२ सालीच मेयो क्लिनिकच्या अभ्यासात दिसले होते. दिलासा देणारी गोष्टही तेथल्याच पाहणीतून पुढे आली. किशोरवयात निदान झालेल्या रुग्णांची सुमारे पाच वर्षांनी विचारपूस केली असता जवळपास पंचमांश पूर्ण बरे झाले होते आणि निम्म्यांचा त्रास चालू असला तरी कमी झाला होता. म्हणजे बारावीतल्या त्या मुलीपुढे प्रश्न असतो तो ही चार-पाच वर्षे शिक्षण न मोडता कशी काढायची, हा.

त्याचे उत्तर डॉक्टरांपेक्षा मुख्याध्यापक, प्राचार्य आणि कार्यालयप्रमुख यांच्या हाती अधिक आहे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार गणले आहेत. पॉट्सचे नाव त्यांत नाही. दीर्घकालीन मज्जाविकारांचा एक वर्ग आहे, पण त्याखाली प्रमाणपत्र मिळवणे म्हणजे पुन्हा रांगेत उभे राहणे आले. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांना बसण्याचा हक्क देणारी दुरुस्ती केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली आपापल्या दुकानविषयक कायद्यांत केली. कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांतील त्या स्त्रियांना बहुधा पॉट्सचे नावही ठाऊक नव्हते. बारा तास उभे राहणे हे श्रम आहेत एवढेच त्यांनी सांगितले, आणि ते विधिमंडळाला पटवून दाखवले.

शाळा-महाविद्यालयांत तर कायद्याचीही गरज नाही. प्रार्थनेच्या वेळी भोवळ येणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी ‘न्याहारी केली नव्हतीस ना’ म्हणून वाटेला लावण्याऐवजी हे तिसऱ्यांदा घडते आहे का, हे वर्गशिक्षकाने पाहावे. घडत असेल तर पालकांना चिठ्ठी द्यावी आणि चिठ्ठीत ‘उभ्याने नाडी तपासून घ्यावी’ एवढे चार शब्द लिहावेत. प्रयोगशाळेत तिला स्टूल मिळावे, परीक्षेत टेबलावर पाण्याची बाटली आणि मीठ घातलेले लिंबू-सरबत ठेवू द्यावे, तोंडी परीक्षा बसून घ्यावी. हा आजार शिक्षिकांना आणि लिपिकांनाही होतो. फळ्याशी पाच-पाच तास शिकवणाऱ्या, खिडकीशी उभ्याने काम करणाऱ्या, पर्यवेक्षणाला तीन तास फेऱ्या मारणाऱ्या या स्त्रिया आपले दुखणे ‘नाटक’ ठरेल या भीतीने बोलत नाहीत, आणि रजा संपल्या की बिनपगारी रजेवर जातात. अशांपैकी कोणी डॉक्टरांचे पत्र घेऊन खुर्ची मागायला आली, तर ती खुर्ची त्याच दिवशी वर्गात किंवा खिडकीशी पोहोचावी. अर्ज वरच्या कार्यालयाकडे अभिप्रायार्थ पाठवू नये.